मधल्या फळीतली २६ वर्षं

२५ नोव्हेंबर २०२१ रोजी ब्राझीलमधल्या मनाउस शहरात भारताच्या मुली ब्राझीलकडून ६-१ अशा हरल्या. दोन महिन्यांवर आलेल्या, मुंबई-पुण्यात रंगणार असलेल्या आशियाई चषकाची ती तयारी होती. मनीषा कल्याणनं आठव्याच मिनिटाला बरोबरीचा गोल मारला, म्हणून आपल्याकडे त्या सामन्याची थोडीफार चर्चा झाली. ब्राझीलसाठी मात्र हा निरोपाचा सामना होता. शेवटी-शेवटी बदली खेळाडू म्हणून ४३ वर्षांची फोर्मिगा मैदानात उतरली आणि १९९५ पासूनची तिची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथं थांबली.

मिराइल्देस मासिएल मोटा हे तिचं खरं नाव. मैदानभर अखंड राबते म्हणून लहानपणीच ‘फोर्मिगा’, म्हणजे मुंगी, हे नाव पडलं. तिची संघसहकारी मार्ता हिचं नाव जगाला ठाऊक आहे, कारण मार्ता गोल करायची. फोर्मिगाचं काम त्याआधीचं. बचावफळीच्या पुढ्यात राहायचं, समोरचीचा पास कुठं जाणार हे तिच्या खांद्याच्या वळणावरून ओळखायचं, चेंडू काढून घ्यायचा आणि पुढच्यांच्या पायात नेमका द्यायचा. गुणफलकावर यातलं काहीच दिसत नाही. २०१५ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाच्या बचावपटूनं गोलरक्षकाकडे मागं ढकललेला चेंडू जरा कमी जोरानं गेला. फोर्मिगानं तो अचूक हेरला, झेपावली आणि गोल केला. तेव्हा ती ३७ वर्षांची होती. महिला विश्वचषकात एवढ्या वयात तोवर कुणीच गोल केला नव्हता.

तिची थोरवी कळायला ब्राझीलचा एक कायदा माहीत हवा. १९४१ मध्ये गेतुलिओ वार्गास यांच्या राजवटीनं ‘स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे’ खेळ बायकांना बंद केले. फुटबॉल त्यात आलाच. बंदी उठली १९७९ मध्ये. फोर्मिगाचा जन्म १९७८ चा. फुटबॉलचा देश म्हणून मिरवणाऱ्या ब्राझीलनं निम्म्या लोकसंख्येला जवळपास चार दशकं मैदानाबाहेर ठेवलं, हे मला आजही पचत नाही. बंदी गेली तरी घराघरांतली नाराजी राहिली. फोर्मिगाच्या भावांनाही तिचं खेळणं रुचत नव्हतं. पाठीशी उभी राहिली ती आई.

महिला फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आला १९९६ साली. तेव्हापासून टोकियोपर्यंतच्या सातही ऑलिंपिकमध्ये ती खेळली आणि विश्वचषकही सात. इतके विश्वचषक तोवर कुणीच, पुरुष खेळाडूनंही, खेळले नव्हते. २००४ आणि २००८ चे दोन्ही ऑलिंपिक अंतिम सामने ब्राझील अमेरिकेकडून जादा वेळेत हरला. २००७ च्या विश्वचषकातही उपविजेतेपदच. २०१६ मध्ये तिनं निवृत्ती जाहीर केली होती, पण तिच्या जागेवर उभं राहील अशी खेळाडू मिळेना, म्हणून प्रशिक्षकांनी तिला परत बोलावलं. २०१९ चा विश्वचषक ती ४१ व्या वर्षी खेळली.

२०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे, दक्षिण अमेरिकेतला पहिलाच. आठ यजमान शहरांत फोर्मिगाचं जन्मशहर साल्वादोरही आहे.