प्रशिक्षणाचे माप कोणते?

ज्या घरातले कोणीच कारखान्यात कामाला नाही, असे घर आपल्या शहरात विरळाच. त्यामुळे ‘आज कंपनीत ट्रेनिंग होते’ हे वाक्य आपणांपैकी पुष्कळांनी घरी ऐकले असेल. पडद्यावर चित्रे दाखवितात, चहा होतो, हजेरीपटावर सह्या होतात आणि दुसऱ्या दिवशी काम पूर्ववत सुरू होते. या खटाटोपाने काही साधले की नाही, हे ओळखावे कसे? प्रश्न हिशेबाचा दिसतो. पण त्यात कामगाराची बोटे अडकलेली आहेत, म्हणून तो आम्ही या व्यासपीठावर मांडीत आहोत.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ च्या अखेरीपासून लिहिलेल्या चार लेखांत याची सोपी मांडणी केली. त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला वर्ग आवडला का? त्याला विषय समजला का? कामावर परतल्यावर त्याची वागणूक बदलली का? आणि त्यातून अपेक्षित फळ मिळाले का? आमच्या पाहण्यात बहुतेक ठिकाणची मोजणी पहिल्याच पायरीवर थांबते.

पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे उदाहरण घेऊ. दोन्ही हातांनी दोन कळा एकदम दाबल्याशिवाय ती खाली येऊ नये, अशी योजना असते. हेतू हा की, त्या वेळी एकही हात डायमध्ये राहू नये. वर्ग छान झाला असे कामगाराने लिहून दिले, ही पहिली पायरी. दुसरीसाठी त्याला नियम म्हणावयास लावू नये. मशीनवर उभे करून करून दाखवावयास सांगावे, तेही वर्गापूर्वी आणि वर्गानंतर. आधीच येत असेल, तर त्याचे श्रेय वर्गाला कसले?

तिसरी पायरी कसोटीची. तीन महिन्यांनी रात्रपाळीला जाऊन पाहावे. एक कळ पट्टीने कायमची दाबून ठेवलेली आढळली, तर ‘कामगार बेफिकीर’ असा शेरा मारणे सोपे असते. त्यालाच विचारले, तर तो सांगेल की दोन्ही हात वापरले की तासाचा आकडा भरत नाही. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती, आकड्याची होती. तेथे शंभर वर्ग घेतले तरी व्यर्थ. हे कळणे हाच मूल्यमापनाचा सर्वांत मोठा लाभ होय.

चौथ्या पायरीवर जपून पाऊल टाकावे. लहान शॉपमध्ये गेल्या वर्षी दोन अपघात झाले, यंदा एकही नाही. एवढ्याने काही सिद्ध होत नाही. थोडक्यात टळलेले प्रसंगही मोजावेत. मात्र प्रसंग कळविणाऱ्याला मेमो मिळत असेल, तर आकडा घटतो आणि धोका तसाच राहतो. त्याच महिन्यात नवे गार्ड बसले असेल, तर श्रेय कोणाचे? सर्वांना एकदम शिकविणे सहसा शक्य नसतेच. तेव्हा आधी शिकलेल्या विभागाची तुलना नंतर शिकणाऱ्या विभागाशी करावी. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. आपल्यावर लक्ष आहे एवढ्यानेही माणूस वेगळे काम करतो, असा अर्थ त्यांतून पुष्कळांनी काढला. त्या आकड्यांवर पुढे अभ्यासकांत वाद झाले. पण पाहणाऱ्याने सावध असावे, हा धडा उरतोच.

हे सारे कशासाठी? बोटे गमावलेल्या एका तरुणाच्या चौकशीला आम्ही त्याच्या बाजूने बसलो होतो. समोर कागद आला: याला प्रशिक्षण दिलेले आहे, ही पाहा सही. सही खरीच होती. पण तो कागद पहिल्या पायरीचाही पुरावा नव्हता. मुलगा त्या दिवशी खोलीत हजर होता, एवढेच तो सांगत होता. मोजमाप हजेरीवर थांबले की प्रशिक्षण कामगाराचे रक्षण करीत नाही, उलट त्याच्यावर दोष ठेवण्याचे साधन बनते.

म्हणून संघटनांनी केवळ प्रशिक्षण मागू नये; तीन महिन्यांनंतरची पाहणी मागावी आणि ती करताना कामगारांचे प्रतिनिधी बरोबर असावेत, असा आग्रह धरावा. संघटनांचे स्वतःचे अभ्यासवर्गही याच मापाने मोजले जावेत. त्यांना सूट नको. आणि आपल्या घरचा मुलगा ट्रेनिंगहून आला, तर ‘कसे झाले?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘उद्यापासून काय निराळे करणार, आणि ते तुला करू देतील का?’ असे विचारा.