वरचं जंगल, खालचं जाळं : भीमगडाकडं आपण का बघायचं?



अभयारण्याचा विषय निघाला की आपल्यातले बरेच जण म्हणतात, "तो वनखात्याचा आणि डोंगरातल्या लोकांचा प्रश्न. आपला धंदा पाण्यातला." पण आपलं पाणी येतं कुठून, हे एकदा बघूया. आणि डोंगरातल्या लोकांवर आज जी वेळ आली आहे, ती उद्या आपल्यावर येऊ शकते का, हेही बघूया.

सगळ्या नद्या त्याच जंगलातल्या

मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पुढं नविलतीर्थाचं धरण भरते. निपाणीकडची वेदगंगा येते भुदरगड तालुक्यातल्या पाटगावच्या बाजूनं, तर दूधगंगा राधानगरीच्या जंगलाकडून. दोघी भोजजवळ एक होतात आणि कल्लोळला कृष्णेला मिळतात. हिरण्यकेशी आंबोलीतून निघून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते. हिडकलचं धरण घटप्रभेवरच आहे. भीमगडाच्या रानातली म्हादई तेवढी उलटी, पश्चिमेला जाते आणि गोव्यात मांडवी म्हणून ओळखली जाते. तिच्या मुखाशी जाळी टाकणारे आपलेच भाऊबंद आहेत.

वर झाडी असली की पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि उन्हाळ्यातही झऱ्यातून येत राहतं. डोंगर बोडका झाला की पहिल्याच पावसात माती खाली येते, डोह गाळानं भरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्येच नदी तुटते. चढणीचे मासे पहिल्या पुराला वर जातात ते अंडी घालायला. त्यांना वाहतं पाणी लागतं, स्वच्छ खडकाळ तळ लागतो. धरणात कटला, रोहू, मृगळ यांचं बीज आपण विकत आणून सोडतो. पण मरळ, वाम, शिंगाळा हे बहुतेक ठिकाणी नदीच्या जिवावरच वाढतात. नदी बिघडली की जाळ्यात चिलापीच जास्त येते, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही.

भीमगडात काय घडतंय

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. इथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. ही जात बराच काळ जगात फक्त इथंच माहीत होती. पुढं ती मेघालयात आणि कंबोडियात सापडली.

पण या रानात माणसंही आहेत. तळेवाडी, गवाळी, पास्तोली, कोंगळा, आमगाव, कृष्णापूर, देगाव अशी गावं अभयारण्य जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासूनची. भात, नाचणी, गुरंढोरं यावर त्यांचं घर चालतं. रस्ता, वीज, दवाखाना यातलं काहीही मागितलं की आडवा येतो वनकायदा. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी बाईंना भर पावसात डोलीवर घालून जंगलातून चालत न्यावं लागलं. ती बातमी आपल्यातल्या पुष्कळांनी वाचली असेल.

त्यानंतर स्थलांतराची चर्चा वाढली. तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी बाहेर पडायचं मान्य केलं. कुटुंबामागं १५ लाख रुपये ठरले आणि मे २०२५ मध्ये पहिल्या हप्त्याचे १० लाखांचे धनादेश देण्यात आले. ज्याला मुलांची शाळा आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना दिसतो, त्याला हा पैसा सुटका वाटणार. पण १५ लाखांत खानापुरात जागा, घर आणि पोटापाण्याचं साधन, तिन्ही बसवायचं म्हणजे अवघड. शेत आणि गोठा सोडल्यावर तो माणूस उद्यापासून करणार काय, हा प्रश्न धनादेशानं सुटत नाही. धरणात गाव गेलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

पाटी कुठली, हे आधी वाचा

जंगल किंवा पाणी राखायचे कायदे सगळे एकसारखे नाहीत. आपल्याच पट्ट्यात तीन प्रकार आहेत.

अभयारण्य : भीमगड, राधानगरी, आणि गोकाकजवळचं १९७४ चं घटप्रभा पक्षी अभयारण्य. हे शेवटचं तर धुपदाळ बंधाऱ्याच्या पाण्याभोवतीच आहे. यात बंधनं सगळ्यांत कडक. पण कायद्यात एक वाट आहे. हद्द जाहीर झाली की जिल्हाधिकारी स्थानिक भाषेत जाहीरनामा काढतात आणि ज्यांचा हक्क आहे त्यांनी दोन महिन्यांत लेखी दावा करायचा असतो. पुढं तो हक्क चालू ठेवायची तरतूदही आहे. ज्यानं अर्जच केला नाही, त्याचं ऐकणार कोण?

संवर्धन राखीव : महाराष्ट्रानं चंदगड, आजरा-भुदरगड या भागांत हा प्रकार आणला. स्थानिक लोकांशी चर्चा करूनच तो जाहीर करायचा असतो आणि सल्लागार समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. अभयारण्याएवढी बंधनं यात नाहीत. मात्र विष आणि स्फोटकं दोन्हीकडं बंद, आणि ते बरोबरच आहे.

जैविक वारसा स्थळ : आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाजवळ एक इवलासा मासा सापडला. २०२० मध्ये त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' नाव मिळालं आणि २०२१ मध्ये तिथली २.११ हेक्टर जागा महाराष्ट्र शासनानं वारसा स्थळ केली. एका माशासाठी जागा राखली गेली, ही आपल्यासाठी अभिमानाचीच गोष्ट. देवाच्या डोहात जाळं टाकायचं नाही, ही रीत आपल्याकडं जुनीच. महाडजवळ वाळण कोंडीतले मासे लोकांनी असेच राखलेत.

पाण्यातल्या माणसाचा हक्क

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात सामूहिक हक्कांच्या यादीत मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न स्पष्ट लिहिलेलं आहे. पण तो हक्क जंगलात राहणाऱ्या आणि जंगलावर पोट असणाऱ्यांसाठी आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. भीमगड भागातल्या बऱ्याच मराठी कुटुंबांची गाडी इथंच अडते, कारण जुना कागद कुणाकडं असतो?

पेंचच्या तोतलाडोह जलाशयाचा दाखला लक्षात ठेवण्यासारखा आहे. राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना मध्य प्रदेशानं मासेमारीचे ३०५ परवाने दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ मध्ये न्यायालयानं परवाने रद्द केले नाहीत, अटी घातल्या. प्रत्येकाकडं फोटोचं ओळखपत्र हवं, आग पेटवायची नाही, ठरल्या वाटेनंच जायचं. म्हणजे निकाल फिरला तो कोण, किती आणि कसं धरणार या मुद्द्यांवर.

मग आपण काय करायचं?

१. सभासदांची यादी फोटो, गाव आणि होडीसह अद्ययावत ठेवा. ठेक्याच्या आणि लिलावाच्या पावत्या, जुन्या सभांची इतिवृत्तं जपा. वहिवाट सिद्ध करायला हेच कामाला येतं.

२. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते. तिच्या नोंदवहीत आपल्या नदीतल्या माशांची नावं, ते कुठल्या डोहात आणि कधी मिळतात, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून लिहून घ्या. ही माहिती आपल्याशिवाय कुणाकडं नाही.

३. पहिल्या पुराला चढणीच्या वाटेवर आडवं जाळं लावू नका. अंड्यांनी भरलेली एक मादी सोडली तर पुढच्या हंगामात ती आपल्यालाच परत मिळते. बारीक आसाचं जाळं, ब्लीचिंग, जिलेटिन वापरणाऱ्याला संस्थेनंच आवरायचं. वनखात्याला बोट दाखवायची संधी आपण का द्यावी?

४. राखीव क्षेत्राची बातमी कानावर आली की त्याच आठवड्यात बैठक घ्या. दोन महिने बघता बघता जातात.

तळेवाडीचे लोक डोंगर उतरले तरी मलप्रभा आणि म्हादई तिथूनच येणार. ते रान राखलं पाहिजे, यात वाद नाही. आपलं जाळं त्यावरच भरतं. पण रान राखायचं म्हणून तिथल्या माणसाला फक्त धनादेश देऊन मोकळं व्हायचं, हा हिशेब आज त्यांनी मान्य केला तर उद्या तोच आपल्या पाण्याला लावला जाईल. म्हणून त्यांच्या बाजूनं बोलणं आपल्याही कामाचं आहे. पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्या आणि आपापल्या पाण्याची पाटी कुठली आहे, ते तपासून या.