पक्षाघातानंतरचं बोलणं आणि पडद्यावरची थेरपिस्ट

पक्षाघातात मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की अनेकांना अफेझिया होतो. काय सांगायचंय ते मनात पक्कं असतं, पण शब्द ओठांवर येत नाही. उपाय म्हणजे सराव, तोही भरपूर. आठवड्यातून तासभर भेटणारी थेरपिस्ट एवढा वेळ कुठून आणणार?

शिकागोतल्या लिओरा चर्नी आणि सहकाऱ्यांनी यासाठी ‘अफेझियास्क्रिप्ट्स’ हे सॉफ्टवेअर बनवलं. मला सगळ्यात भावलं ते हे, की संवाद रुग्णाचाच असतो. नातवाशी फोनवर बोलायचंय? हॉटेलात जेवण मागवायचंय? थेरपिस्टबरोबर बसून तीच वाक्यं लिहायची, मग घरी संगणकावर घोकायची. आभासी थेरपिस्ट ओठ स्पष्ट हलवत वाक्य म्हणते, रुग्ण तिच्याबरोबरच म्हणतो. जमायला लागलं की तिचा आवाज, ओठांची हालचाल, लिहिलेली अक्षरं असे आधार हळूहळू काढून घेतात. एकच वाक्य कितीदाही म्हणा, ती थकत नाही!

2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रुग्ण तीनच होते, पण तिघांचंही संवादातलं बोलणं सुधारलं.

घरात कुणाला अफेझिया असेल तर स्पीच थेरपिस्टला ‘स्क्रिप्ट ट्रेनिंग’बद्दल, म्हणजे अशा लिहिलेल्या संवादांच्या सरावाबद्दल, जरूर विचारा. वहीत मराठी वाक्यं लिहूनही ते सुरू करता येतं.