घराचे छप्पर बदलण्याचा ठेका : मोजमाप, करार व रकमेचे हप्ते

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळंबा हे गाव वसले आहे. संस्थानकाळी बांधलेल्या तलावामुळे ते सर्वपरिचित आहे. शहर वाढत या गावाला येऊन भिडले आणि स्लॅबच्या इमारती उभ्या राहिल्या. तथापि या परिसरातील गावठाणांत भेंड्यांच्या भिंती व लाकडी आढ्याची कौलारू घरे अद्यापि आढळतात. पूर्वी कुंभाराने चाकावर घडविलेल्या खापरी कौलांनी अशी घरे शाकारीत असत. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला व पुढे मंगळुरी कौल गावोगाव पोहोचले. आज त्याच आढ्यावर कोठे मंगळुरी कौले, कोठे सिमेंटचे पत्रे, तर कोठे रंगीत लोखंडी पत्रे दिसतात.

वर्षातून एकदा शाकारणी करणे निराळे व संपूर्ण छप्पर उतरवून नवे घालणे निराळे. शाकारणीत चूक झाली तर घर गळते. छप्पर बदलताना चूक झाली तर भिंतच जाण्याचा संभव असतो. भेंड्यांची भिंत वरून झाकलेली असेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते, परंतु उघड्या भिंतीच्या माथ्यावर वळवाच्या दोन सरी पडल्या की पाणी आत मुरते, भेंडा मऊ होतो आणि तुळईखालची जागा खचू लागते. घरातील धान्य, अंथरूण-पांघरूण व गोठ्यातील वैरण यांची नासाडी होते ती वेगळीच. म्हणून ठेकेदाराशी बोलणी करताना दर किती, हा प्रश्न दुसरा समजावा. घर किती दिवस उघडे राहणार, हा पहिला.

या भागात बहुतेक शेतकऱ्यांच्या हाती उसाचे बिल आल्यावरच अशा कामाला पैसा उभा राहतो. गळीत हंगाम मार्च-एप्रिलच्या सुमारास संपतो, आणि मग मे महिन्यात सर्वांचीच छपरे एकदम निघतात. सुतार व ठेकेदार त्या महिन्यात तीन-चार ठिकाणी विसार घेऊन बसतात. एका घराचे वासे उघडे टाकून कारागीर दुसऱ्या घरी जातात. त्यात त्यांचा सर्वस्वी दोष आहे असेही नाही, कारण पावसाळाभर त्यांना काम नसते. यावर उपाय एवढाच की, बोलणी पौष-माघातच करावी, ऊस लवकर तुटलेला असल्यास गुढीपाडव्याच्या आत काम उरकावे, आणि मे महिना टळत नसेल तर एका वेळी एकच पाखे उघडावे. सर्व माल अंगणात येऊन पडेपर्यंत जुने एकही कौल काढू देऊ नये. घर झाकले जाईल एवढी ताडपत्री हाताशी असावी.

तंटे बहुधा मोजमापावरून होतात. ठेकेदार दर सांगतो तो ब्रासवर, म्हणजे शंभर चौरस फुटांवर. मालकाच्या मनात घराची जमीन असते व ठेकेदार मोजतो ते छप्पर. उदाहरणार्थ, तीस फूट लांब व वीस फूट रुंद असे घर घ्यावे. त्याची जमीन सहाशे चौरस फूट भरते. चारही बाजूंना दोन-दोन फूट वळचण धरली म्हणजे लांबी चौतीस व रुंदी चोवीस होऊन क्षेत्र ८१६ चौरस फूट होते. त्यावर उताराची वाढ येते. मंगळुरी कौलांना दर दोन फुटांस निदान एक फूट चढ हवा. या चढाने क्षेत्र सुमारे बारा टक्क्यांनी वाढते व ते ९१२ चौरस फुटांवर, म्हणजे नऊ ब्रासांहून थोडे अधिक, जाते. सहा ब्रासांची रक्कम मनात धरून बसलेल्या मालकास नऊ ब्रासांचे बिल पाहून फसवणूक झाल्यासारखे वाटते. वास्तविक मोजणी बरोबर असते, फक्त ती आधी कोणी सांगितलेली नसते. म्हणून आढ्यापासून वळचणीपर्यंतची तिरकी लांबी दोघांनी मिळून टेपने मोजावी व तो आकडा करारात लिहावा. एका ब्रासास सुमारे दीडशे कौले लागतात. वरील घरास तेराशे सत्तरच्या आसपास कौले व फुटीसाठी शेकडा पाच अधिक धरावीत. आढ्यावरील कौले निराळी मोजावीत.

कौलाऐवजी पत्रा घालावयाचा असेल तर जाडी पाहावी. करारात अर्धा मिलिमीटर म्हणावयाचे आणि आणावयाचा त्याहून पातळ, हा प्रकार डोळ्यांना सहजी उमगत नाही. वजनाने मात्र तो उघडा पडतो. चार फूट रुंदीच्या सपाट पत्र्यापासून केलेला दहा फुटी पन्हळी पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा असेल तर साधारण साडेचौदा किलो भरतो, ०.३५ मिलिमीटरचा दहा किलोच्या जवळपास. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाडीचे वजन डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या शेतकऱ्यास पत्र्याचे वजन करून घेणे जड जाऊ नये! कौल आपल्या वजनाने वाऱ्याला तोंड देते, हलक्या पत्र्याला मात्र बोल्टचाच आधार असतो. तेव्हा बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर, वायसरसह बसवावेत, म्हणजे पाणी छिद्रापाशी साचत नाही. पत्र्यांच्या उभ्या जोडांची तोंडे पश्चिमेकडे उघडी राहू नयेत, कारण येथील पावसाळी वारा मुख्यत्वे त्याच दिशेने येतो. उलट, पत्रा काढून कौले घालावयाची असतील तर जुने वासे ते ओझे पेलतील किंवा नाही, हे जाणत्या सुताराकडून आधी तपासून घ्यावे. वरील घरावरच्या कौलांचे वजन तीन टनांहून अधिक होते.

जुने सिमेंटचे पत्रे उतरविताना विशेष जपावे. त्यांत बहुधा ॲसबेस्टॉसचे तंतू असतात व त्यांची धूळ फुप्फुसांस अपाय करते. पत्रे पाण्याने भिजवावेत, करवतीने कापू अथवा आपटून फोडू नयेत, तुकडे अंगणात पसरू देऊ नयेत, आणि कामकऱ्यांच्या नाकातोंडावर मुखपट्टी असावी.

एक बाब बहुधा कोणी बोलत नाही. ती म्हणजे जुना माल. उतरविलेले वासे व तुळया सागाच्या असल्या तर त्यांना चांगली किंमत येते आणि शाबूत मंगळुरी कौलेही विकली जातात. “जुने सामान आम्ही घेऊन जातो, मजुरीत थोडे कमी करतो,” असे ठेकेदाराने म्हटले की कचरा गेला म्हणून मालक खूष होतो. प्रथम लाकूड मोजून दुसरीकडे किंमत विचारावी, मगच होकार द्यावा. जुना माल कोणाचा, हे करारात स्पष्ट असावे.

करार साध्या कागदावर का होईना, लेखी असावा. त्यात मोजमाप, मालाची जात व जाडी, काम संपविण्याची तारीख, कामकऱ्यास इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, आणि रकमेचे हप्ते लिहावेत. विसार अल्प द्यावा. मोठा हप्ता माल दारात आल्यावर, पुढचा लाकूडकाम झाल्यावर, त्यानंतरचा पाखी झाकल्यावर द्यावा; आणि शेकडा दहा एवढी रक्कम मृगाचा पहिला जोरदार पाऊस होऊन गळती नसल्याची खात्री पटेपर्यंत राखून ठेवावी. ठेकेदारास मजुरांचा पगार आठवड्याच्या बाजारास चुकवावा लागतो हे खरे. त्याकरिता झालेल्या कामापुरती साप्ताहिक उचल द्यावी व प्रत्येक वेळी सही घ्यावी. माल स्वतः खरेदी करून केवळ मजुरीचा ठेका दिल्यास पावत्या मालकाच्या नावाने राहतात, हा मोठा लाभ होय. मात्र खिळ्याबोल्टांसाठी वारंवार कोल्हापूरच्या खेपा घालण्यास घरात मोकळे माणूस हवे.

काम अर्धवट सोडल्यास अथवा सदोष केल्यास नुकसानभरपाई मागण्याचा हक्क १८७२ च्या करार कायद्याने दिला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणीचा सेवेत समावेश असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. तेथे लेखी करार व सह्यांच्या पावत्या उपयोगी पडतात.

गावठाणात घराला घर लागून असते. नव्या छपराची वळचण वीतभर पुढे आली तरी पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडू लागतात व पिढ्यांचा घरोबा तुटतो. तरी उंची किंवा उतार बदलण्यापूर्वी ग्रामपंचायतीत चौकशी करावी, सामाईक भिंतीबाबत शेजाऱ्याची संमती घ्यावी, आणि त्या बाजूची पन्हळ बसविण्याचे काम ठेक्यातच धरावे. ते मागाहून करू म्हटले की पावसाळा येतो व ठेकेदार दुसऱ्या गावी गेलेला असतो.