मेघ पेरणारी तिफण

पिशोरला जूनच्या सुरुवातीस 'मेघ' हा शब्द उच्चारला, की माणसं आधी आभाळाकडे पाहतात. संगणकशास्त्रातला मेघ, ज्याला सगळे 'क्लाउड' म्हणतात, तो मात्र आभाळात नसतो. गार ठेवलेल्या खोलीत, कपाटांत रचलेल्या संगणकांच्या रूपाने तो जमिनीवरच असतो. आणि त्याच्या जातीच्या यंत्रांशी आपल्या शेतकऱ्याचा संबंध केव्हाच आलेला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. कापूस असो की मका, बांधावर उभे राहून मोबाइलवरून त्याची नोंद करायची. ही नोंद राहून गेली, तर पुढे नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते.

आता आपला स्वभाव असा, की मुदतीचे शेवटचे दिवस आले म्हणजे सारे गाव एकदम जागे होते. एवढा भार यंत्राला पेलेल का, हे आधी तपासायला हवे. पण तपासायचे कुठे? चालू यंत्रावर परीक्षा घेतली, तर त्याच वेळी नोंद करणाऱ्याचे काम अडेल. म्हणून जाणते लोक परीक्षेपुरती एक वेगळी, खऱ्यासारखी व्यवस्था उभारतात. तिलाच चाचणीसाठीचा खासगी मेघ म्हणतात.

खासगी मेघ म्हणजे काय, हे तलावाच्या पाण्यावरून समजेल. तलाव एक, पाणी मात्र ज्याला जेवढे लागेल तेवढे, पाळीने सोडायचे. तसेच एका संस्थेचे दहा-वीस संगणक एकत्र बांधतात आणि त्यांच्या शक्तीतून मागेल त्याला हवा तेवढा 'आभासी संगणक' काढून देतात. काम संपले, की ती शक्ती पुन्हा तलावात.

अडचण आहे ती उभारणीची. प्रत्येक यंत्रासमोर बसून प्रणाली बसवायची, शंभर प्रश्नांची उत्तरे द्यायची, जाळ्याचे क्रमांक हाताने लिहायचे. विसाव्या यंत्रापर्यंत माणूस थकतो आणि एखादा आकडा चुकतो. मग चाचणी फसली, तर दोष कार्यक्रमाचा की उभारणीचा, हे कळायला मार्ग उरत नाही. अशा परीक्षेचा उपयोग तो काय?

यावर उपाय म्हणजे उभारणीच यंत्राकडे सोपवणे. ती अशी चालते. कोरे यंत्र सुरू होताच जाळ्यावर हाक देते, "मी कोण?" जाळ्यावरचा मुख्य संगणक त्याला क्रमांक देतो आणि सुरू होण्यापुरता छोटा कार्यक्रम पाठवतो. या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. मग प्रणाली जाळ्यावरूनच उतरते, आणि तिच्या सर्व प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेल्या फायलीतून मिळतात. रेड हॅटमध्ये या सोयीला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड. पुढची मांडामांड २०१२ साली आलेल्या अॅन्सिबलसारखी साधने करतात. यंत्र कसे असावे हे त्यांना लिहून द्यायचे. जे आधीच तसे आहे त्याला ती हात लावत नाहीत, उणे असेल तेवढेच भरतात.

यावर मेघ चढवण्यासाठी ओपनस्टॅक हा मुक्त संच आहे. अमेरिकेची नासा ही अंतराळसंस्था आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी तो २०१० मध्ये सुरू केला. चाचणीपुरता मेघ हवा असेल, तर डेव्हस्टॅक नावाची आज्ञावली एका हुकमात तो उभा करते आणि दुसऱ्या हुकमात बंद करते. मात्र ती प्रयोगासाठीच आहे, लोकांच्या रोजच्या कामासाठी नव्हे. आपल्याकडेही सी-डॅकने, १९९१ साली पुण्यात 'परम ८०००' हा महासंगणक घडवणाऱ्या संस्थेने, खासगी मेघासाठी 'मेघदूत' नावाचा संच तयार केला आहे.

कुणी म्हणेल, यात वेळ वाचला एवढंच ना? नाही. वेळ वाचतो हा लहान लाभ. मोठा लाभ असा, की आज उभारलेला मेघ मोडून उद्या पुन्हा उभारला, तरी तो आधीसारखाच निघतो. त्यामुळे चाचणीच्या निकालावर भरवसा ठेवता येतो. शिवाय एका जाणत्याच्या डोक्यात असलेली विद्या कागदावर येते. तो रजेवर गेला म्हणून काम खोळंबत नाही.

पण सावधपणा हवाच. हाताने टोकलेल्या बियांत एखादा दाणा चुकतो. तिफणीने पेरताना चाड्यावर मूठच चुकीच्या बियाची धरली, तर तिन्ही तासांत तेच उगवते. तसेच उत्तरांच्या फायलीतली एक चूक क्षणात वीस यंत्रांवर पोहोचते. म्हणून ती फाइल दुसऱ्या माणसाने वाचावी, आधी एकाच यंत्रावर चालवून पाहावी, आणि तिच्यात केलेला प्रत्येक बदल तारखेसह नोंदवून ठेवावा.

तिफण आली म्हणून शेतकऱ्याचे बी पारखणे सुटले नाही. इथेही हात मोकळे होतात, नजर मात्र अधिक लागते. ती नजर आधी ठेवली, तर शेवटच्या दिवशी बांधावर उभ्या असलेल्या माणसाची नोंद खोळंबणार नाही.