जाळीपलीकडची मारिया

१४ ऑगस्ट २०१६ हा दिवस आपल्या स्मरणात असेल तो सायना नेहवालच्या रिओ ऑलिंपिकमधील पराभवामुळे. जाळीपलीकडे होती युक्रेनची २४ वर्षांची मारिया उलितिना. सायनाला पाचवे मानांकन. मारिया जागतिक क्रमवारीत ६१वी. तिने २१-१८, २१-१९ असा सामना जिंकला. पुढच्या फेरीत ती हरली; तरीही कारकिर्दीतील हा मोठा विजय केवळ सायनाच्या दुखऱ्या गुडघ्याच्या खाती मांडणे अन्यायाचे ठरेल. गुडघा मात्र खरोखरच दुखावलेला होता. काही दिवसांतच मुंबईत त्यावर शस्त्रक्रिया झाली. प्रेक्षकांना दिसले ते गुण. वेदना दिसली नाही. घरातील वडीलधाऱ्यांचेही असेच असते. ‘गुडघा दुखतो का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. त्याऐवजी जिना उतरताना त्यांचा हात कठडा किती घट्ट धरतो, ते आपण पाहावे.