चिमुकल्या बोटांना घाई नको

बालवाडीतून परतलेल्या लेकराची पाटी पाहून अनेक घरांत मातेच्या कपाळाला आठी पडते. अक्षर वाकडे, रेघ तुटलेली! मग मुलाला दटावले जाते, त्याचा हात घट्ट धरून तेच अक्षर पुनःपुन्हा गिरवून घेतले जाते. परंतु पुष्कळदा दोष मुलाचा नसतो; त्याच्या बोटांना अद्याप ते बळच आलेले नसते.

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती मऊ कूर्चेची असतात व एकामागून एक टणक होत जातात. बालवाडीच्या वयात हे काम पुरे झालेले नसते. हातावरील ताबाही आधी खांद्याला, मग कोपराला आणि सर्वांच्या शेवटी बोटांना येतो.

१९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत मुले लाकडी नळकांडी वरच्या बोंडाला तीन बोटांनी धरून उचलतात व आपापल्या खाचेत बसवितात. हा खेळ म्हणजे लेखणी धरण्याचीच पूर्वतयारी होय. पुढे १९४५ साली, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी गावी, ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. महागड्या साधनांवाचून, भोवताली मिळणाऱ्या वस्तूंनीही मूल शिकते, हे त्यांनी दाखवून दिले.

मातापित्यांनो, तशी साधने आपल्याही घरी आहेत. मटाराच्या शेंगा सोलणे, कणकेच्या गोळ्या वळणे, ओला फडका पिळणे, सदऱ्याची बटणे स्वतः लावणे, अंगणातील धुळीत बोटाने रेघा ओढणे, ही कामे मुलाला आनंदाने करू द्या. वेळ लागेल, थोडे सांडेलही. तरी काम त्याच्या हातून हिसकावून घेऊ नका. दाणे, मणी, बटणे मात्र आपल्या देखत हाताळू द्यावीत; लहान मुले ती तोंडात वा नाकात घालतात. मूल डावखुरे असल्यास त्याचा हात बळजबरीने बदलू नये. एक हात दुसऱ्याहून सदा दुबळा भासला, तर मात्र डॉक्टरांस दाखवावे.

कळी बोटांनी उकलून फूल लवकर उमलत नाही. आज शेंगा सोलणारी बोटे उद्या अक्षरही वळणदार काढतील. तोवर पाटीवरील वाकड्या रेघेचेही कौतुक करावे.